खालून बघायचे घोडेस्वार

कला माणसाला मृत्यूच्या पलीकडे नेते आणि दगडात कोरलेला घोडा अडीच हजार वर्षं धावत राहतो. हे खरंच आहे. मात्र रघुनाथ वाडकर, म्हणजे आमचे मास्तर, ज्या मालात घोडे घडवत तो दगड नव्हता. सिमेंट, वाळू आणि काचेचे तंतू एकत्र करून तो माल बनतो, धंद्यात त्याला जीआरसी म्हणतात. मास्तर त्याची दहा वर्षांची हमी देत. समुद्राकाठच्या व्हिलांना पाच.

त्यांचा कारखाना अमिरातीतल्या उम्म अल कुवैनच्या इंडस्ट्रियल एरियात, टायरचं गोदाम आणि बर्फाची फॅक्टरी यांच्या मध्ये होता. मी एका कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीत क्वांटिटी सर्व्हेअर. कोणत्या इमारतीला किती माल लागेल ते मोजायचं, एवढंच माझं काम. खांब, कंगोरे, सज्ज्याखालचे ब्रॅकेट, दारावरचे गरुड, कारंज्यातले सिंह हे सगळं मास्तरांकडून यायचं. या देशात ज्याला घर बांधायचं असतं त्याला बहुधा रोमन सम्राटाचंच घर बांधायचं असतं. सम्राटांना घाई नसावी. आमच्या गिऱ्हाइकांना ते रमजानच्या आधी हवं असतं.

मी त्यांना पहिल्यांदा भेटलो तो भांडायला. एका व्हिलाचे कंगोरे वरच्या बाजूला बेढब जाड दिसत होते. मी ड्रॉइंगची गुंडाळी काखेत मारून कारखान्यात शिरलो. समोर इस्त्रीचा पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेले, उंच, किडकिडीत गृहस्थ मातीच्या सिंहासमोर उभे होते. खिशातून कंगवा काढून त्यांनी आधी स्वतःचा भांग नीट केला, मग त्याच कंगव्याने सिंहाची आयाळ विंचरली. माझं भाषण त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"साहेब, हा कंगोरा कुठे लागणार?"

"दुसऱ्या मजल्याच्या वर."

"बघणारा कुठे उभा राहणार? दुसऱ्या मजल्यावर?"

"नाही, खाली. रस्त्यावर."

"मग आडवे व्हा."

एसीच्या खोक्याचा मोठा पुठ्ठा त्यांनी जमिनीवर पसरला. मी टाय घातला होता, आजूबाजूला पाच-सहा कामगार बघत होते. कसा कोण जाणे, मी आडवा झालो. दोघांनी कंगोरा उचलून माझ्या डोक्यावर धरला. खालून तो अगदी सरळ, हलका, देखणा दिसत होता.

"काय?" मास्तर वरून म्हणाले.

"ठीक आहे."

"नुसतं ठीक?"

"चांगला आहे."

"उठा. चहा घ्या."

पुढे मी पाहिलं, तो पुठ्ठा कायमचा होता. नवा आर्किटेक्ट, नवा खरेदी अधिकारी, नवा मालक, जो कोणी तक्रार घेऊन यायचा तो आधी आडवा व्हायचा. आडव्या माणसाला फार वेळ रागावता येत नाही, हा त्यातला दुसरा फायदा. तो मास्तरांच्या लक्षात आला होता की नाही, मला शेवटपर्यंत कळलं नाही.

कारखान्यात कॅटलॉगही होता. त्यातल्या मूर्तींना मास्तरांनी नावं दिली होती. उदास तोंडाचा सिंह म्हणजे 'अकाउंटंट'. पंख पसरलेला गरुड म्हणजे 'पोपट'. "पोपट चार, अकाउंटंट दोन, सोमवारी अजमानला," असं ते फोरमन शफीकला ओरडून सांगत. शफीक मुलतानचा. मास्तर त्याच्याशी ज्या भाषेत बोलत ती त्यांच्या मते उर्दू होती. शफीक ज्या भाषेत उत्तर देई ती त्याच्या मते मराठी होती. माल मात्र नेहमी बरोबर ठिकाणी पोचायचा.

'मास्तर' हे नाव दुबईतल्या ऊद मेथाच्या एका भारतीय शाळेतलं. इकडे ते आले ते चित्रकलेचे शिक्षक म्हणून. घर पेणचं, घरात पिढ्यान्‌पिढ्या गणपती करायचे. चित्रकलेचा डिप्लोमा घेऊन नोकरीला लागलेले ते घरातले पहिले. शाळेत त्यांनी सहावीच्या मुलांना पूर्ण सहामाही एकच चित्र काढायला लावलं: वर्गातली खुर्ची, आणि तीही जमिनीवर बसून, खालून. पालकसभेत एक आई उभी राहिली.

"सर, बाकीच्या सेक्शनमधली मुलं सीनरी काढतात. डोंगर, सूर्य, नदी. आमची मुलं खुर्चीखाली चिकटवलेला च्युइंगम काढतायत."

"बरोबर काढतात का?" मास्तरांनी विचारलं.

"काय?"

"च्युइंगम."

वर्ष संपल्यावर शाळा आणि मास्तर, दोघांनीही एकमेकांना मोकळं केलं. मग एका ओळखीच्या कंत्राटदाराने त्यांना खांबांची कामं दिली आणि कारखाना उभा राहिला.

कारखान्याच्या भिंतीवर, ट्रेड लायसन्स आणि आग विझवण्याच्या सूचना यांच्यामध्ये, एक कृष्णधवल छायाचित्र लॅमिनेट करून लावलेलं होतं. अथेन्सच्या पार्थेनॉन देवळाच्या भिंतीवर वरच्या अंगाला जी शिल्पपट्टी आहे, तिच्यातल्या घोडेस्वारांचं. डिप्लोमाच्या वर्गात ते मास्तरांनी पहिल्यांदा पाहिलं आणि तेव्हापासून त्यांना जगातली बाकी शिल्पकला थोडी गडबडीत उरकल्यासारखी वाटायची. चहाच्या वेळी ते त्या चित्राकडे पाठ करून बसत आणि त्याच्याबद्दल बोलत. सगळं पाठ होतं.

"घोडे बघा, लहान आहेत. माणसं त्या मानाने मोठी. घोड्यावर बसलेला आणि घोड्याशेजारी उभा असलेला, दोघांची डोकी एका रेषेत. आहे का असं जगात? नाही. खटकतं का? नाही. खोगीर नाही, रिकीब नाही. लगाम होते, धातूचे वेगळे बसवलेले. ते गेले, नुसती भोकं राहिली. पण यातला एक तरी पडेल असं वाटतं?"

"नाही," मी म्हणायचो. म्हणावंच लागायचं.

"आणि एकासारखा दुसरा नाही. आमच्याकडे एका साच्यातून दोनशे गणपती. ह्यांच्याकडे प्रत्येक घोड्याचा वेगळा स्वभाव."

मला थोर कलेबद्दलच्या बोलण्याचा कंटाळा आहे. लोक आवाज खाली आणतात, डोळे अर्धवट मिटतात, आणि तासाभराने कळतं की त्यांना तिकीट फुकट मिळालं होतं. मास्तर त्या घोड्यांबद्दल बोलायचे ते शेजारच्या बिऱ्हाडाबद्दल बोलावं तसं.

त्यांची साठी झाली तेव्हा मुलगा केतन त्यांना लंडनला घेऊन गेला. या पट्टीचा मोठा भाग तिथल्या संग्रहालयात आहे. केतन दुबईतल्या बँकेत अधिकारी. इथेच वाढलेला. त्याला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीतच येतं. "केतन, जेवलास का?" "आय ॲम फाइन, बाबा." असं त्यांचं तीस वर्षं चालू होतं आणि दोघांनाही त्यात काही वावगं वाटत नव्हतं. तर लंडनची हकिगत केतनकडूनच मला कळली. संग्रहालयात शिल्पं लोकांना नीट दिसावीत म्हणून नजरेच्या उंचीवर लावलेली. मास्तर पाच मिनिटं उभे राहिले, अस्वस्थ झाले, आणि मग कोटाची घडी उशाला घेऊन भिंतीशी चक्क आडवे झाले. केतन दालनाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन एका फुटक्या भांड्याचं माहितीपत्रक वाचू लागला. पहारेकरी धावत आला. "सर, आर यू ऑल राइट?"

"आय ॲम ऑल राइट," मास्तर जमिनीवरून म्हणाले. "यू प्लीज कम डाउन."

परत आल्यावर त्यांनी मला लंडनबद्दल एकच गोष्ट सांगितली. त्या दगडात आकृत्यांचा वरचा भाग खालच्यापेक्षा जास्त उठावाचा आहे. डोकी पुढे, घोड्यांचे पाय मागे. कारण पट्टी उंच, बघणारे लोक खाली, खांबांच्या मधून मान वर करून बघणारे. "त्यांनाही माहीत होतं," मास्तर म्हणाले. ग्रीक लोक परीक्षेत पास झाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर होता.

इथे माझी एक गोष्ट सांगायला हवी, कारण मास्तरांची आठवण निघाली की माझी बायको मेधा आधी तीच काढते. माझ्या कंपनीने एका वर्षी आमचा अख्खा विभाग बंद केला. नवी नोकरी शोधायला मुदत थोडी, मुलीची शाळा, घराचं भाडं, आणि सकाळी सातला तयार व्हायची सवय. मास्तरांना कळलं तेव्हा त्यांनी धीर वगैरे दिला नाही. म्हणाले, "उद्या इकडे या."

"काम आहे?"

"काम कुठलं? टेबल आहे."

कारखान्याच्या पोटमाळ्यावर त्यांनी एक टेबल, खुर्ची आणि पंखा ठेवला होता. मी रोज शारजाहून गाडी काढून तिथे जायचो, लॅपटॉप उघडायचो, अर्ज पाठवायचो. त्यांनी कधी विचारलं नाही की कुठे काही जमलं का. बाराच्या सुमाराला शफीक खालून हाक मारायचा, "साहब, जेवायला," आणि आम्ही तिघे जेवायचो. नोकरी मिळाली त्या दिवशी मी पेढे घेऊन गेलो. मास्तरांनी पेढा घेतला आणि म्हणाले, "टेबल राहू दे तिथेच. लागतं माणसाला." ते टेबल तिथे अजून आहे. माझ्यानंतर दोघेजण त्यावर बसून गेले.

नव्या कंपनीत मला जे पहिलं मोठं काम मिळालं ते उम्म अल कुवैनमधल्याच एका लग्नाच्या हॉलचं. मालक अबू राशिद, सत्तरी ओलांडलेले, कमरेत वाकलेले, काठी टेकत चालणारे. वाळवंटात त्यांचा तबेला होता आणि लांब पल्ल्याच्या शर्यतींचे घोडे होते. हॉल भाड्याने द्यायचा होता, पण पहिलं लग्न त्यांच्या नातीचं लागणार होतं. इकडच्या जुन्या व्यापाऱ्यांसारखे ते हिंदी बोलत, आणि आमच्यापैकी पुष्कळांपेक्षा बरी. दारातल्या सिंहांची निवड करायला मी त्यांना मास्तरांकडे घेऊन गेलो. सिंहांकडे त्यांनी पाहिलंच नाही. भिंतीवरच्या चित्रासमोर काठी टेकून उभे राहिले.

"यह घोड़ा गर्दन ठीक रखता है," ते म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "यह मेरे हॉल पर लगाओ. पूरा सामने."

मास्तरांनी खिशातून कंगवा काढला आणि भांग पाडला.

कारखान्याचे दिवस तेव्हा बरे नव्हते. जबल अलीला एका कंपनीने मशीन आणलं होतं. ते थर्मोकोल कापून, वर लेप देऊन, हवा तो कंगोरा एका दिवसात काढून द्यायचं. मास्तरांकडे येणारे पोपट आणि अकाउंटंट निम्म्यावर आले होते. शिवाय डॉक्टरांनी सिमेंटच्या धुळीपासून लांब राहायला सांगितलेलं. केतनला कारखाना बंद करून वडिलांना स्वतःच्या फ्लॅटमध्ये न्यायचं होतं. घोड्यांची बातमी कळल्यावर तो आला आणि माझ्यासमोरच त्यांचं ठरलं.

"बाबा, वन डील. हे घोडे हॉलवर चढले, तर वर्कशॉप चालू. आय विल फाइंड द मनी, द मास्क्स, एव्हरीथिंग. नाही चढले, तर खलास. यू कम होम."

केतन मराठीत बोलला म्हणजे प्रकरण गंभीर होतं. मास्तरांनी हात पुढे केला. बापलेकांनी बँकेत मिळवतात तसे हात मिळवले.

मग मास्तर मातीत हात घालून बसले. या कामाची रीत अशी: आधी मातीचा नमुना घडवायचा, त्यावरून रबराचा साचा काढायचा, आणि साच्यात माल भरायचा. साचा ओढून काढताना मातीचा नमुना मोडतो. म्हणजे साचा निघाला की चूक दुरुस्त करायला माती उरत नाही.

अबू राशिद दर आठवड्याला यायचे. पहिल्याच भेटीत त्यांनी मूळ चित्रातल्या काही उघड्या स्वारांकडे काठी रोखली. "मास्टर, फैमिली हॉल है. कपड़ा पहनाओ."

"पहनाएगा," मास्तर म्हणाले, आणि मला मराठीत, "त्यात काय. अथेन्सला थंडी असते."

दुसरी अट लगामाची. लगाम नसलेला घोडा माझ्या दारावर दिसला तर लोक मला काय म्हणतील, असं अबू राशिद म्हणाले. मास्तरांना तर हेच हवं होतं. त्यांनी भोकं ठेवली, पितळी तार घेऊन लगाम बसवायचं ठरवलं.

तिसऱ्या भेटीत अबू राशिद एका तयार होत आलेल्या घोड्यासमोर बराच वेळ थांबले.

"मास्टर, यह घोड़ा नहीं है."

"क्यों?"

"एक बाजू का दोनों पैर साथ में उठाया है. ऐसा कौन चलता है? ऊँट चलता है."

मास्तर वाकून पाहू लागले. मग सरळ झाले, तळहाताने घोड्याचा पुढचा पाय दाबून सपाट केला आणि म्हणाले, "शुक्रिया." तो आठवडाभर ते इतके खुशीत होते की शफीकला काळजी वाटली. "अहो, चूक सापडली!" मला फोनवर म्हणाले. "तीस वर्षांत पहिलं गिऱ्हाईक, ज्याला आडवं करायची गरज पडली नाही."

घोडे चांगले होत होते. मी कलेतला जाणकार नाही, पण मला रोज जावंसं वाटायचं, यावरून समजत होतं. बहुतेक साचे निघाले, पहिले पॅनेल भरून वाळत पडले, आणि त्या शनिवारी मेधा डबा घेऊन माझ्याबरोबर आली. ती रांगेवरून नजर फिरवत हळूहळू चालत गेली आणि मधेच थांबली.

"मास्तर, हे ग्रीक आहेत ना?"

"हो."

"मग यांनी पितांबर का नेसलाय?"

आम्ही सगळे जवळ गेलो. पितांबरच होता. मध्यभागी दुमडून आणलेल्या निऱ्या, मांडीवरून वळलेला काठ, गुडघ्याशी गोळा झालेला सोगा. पेणच्या कोणत्याही कारखान्यातल्या कोणत्याही गणपतीचा असतो तसा. वर ग्रीक चेहरा, खाली ग्रीक घोडा, मध्ये भाद्रपद. मास्तरांनी चष्मा लावला आणि एकेक स्वार पाहत शेवटपर्यंत गेले. जे जे मूळचे उघडे होते त्या सगळ्यांना त्यांनी तोच पितांबर नेसवला होता.

"मी घोड्यांकडे बघत होतो," ते म्हणाले. "कपडा हाताने केला."

पुन्हा माती लावायला वेळ नव्हता. नातीच्या लग्नाची तारीख ठरलेली.

त्या गडबडीत सल्लागार कंपनीचे रानडे तपासणीला आले. दर्शनी भागाचे तज्ज्ञ, पुण्याचे, आणि दोन्ही गोष्टी ते पहिल्या मिनिटात सांगत. त्यांनी पुठ्ठ्याकडे पाहून नुसती मान हलवली आणि लेझर लावला.

"वाडकर, हे आउट ऑफ प्लंब आहे. वरची बाजू पुढे आलीय."

"ती तशीच हवी."

"ड्रॉइंगमध्ये समान जाडी आहे."

"ड्रॉइंग टेबलावर ठेवून बघतात, साहेब."

"आणि ही भोकं? एअर व्हॉइड्स. ही तर भरूनच घ्यावी लागतील."

"लगामाची आहेत."

"मी लिहितो ते असं की पॅनेल्स रिजेक्टेड. पुढे क्लायंट आणि तुम्ही."

पितांबर त्यांना दिसला नाही. ते लेझरने बघत होते.

शेरा अबू राशिदकडे गेला आणि दोन दिवसांनी सगळे कारखान्याच्या अंगणात जमले. रानडे (अबू राशिद त्यांना मुहंदिस, म्हणजे इंजिनिअर, म्हणत) फाइल घेऊन, केतन ऑफिसच्या कपड्यांत, मी माझ्या कंपनीतर्फे, आणि अबू राशिद. मास्तरांनी एकच विनंती केली: निकाल खालून बघून द्या. शफीकने एक पॅनेल फोर्कलिफ्टवर उभं करून हॉलवर लागणार होतं तेवढं उंच नेलं. अबू राशिदना पुठ्ठ्यावर आडवं व्हायला सांगायची कोणाची छाती नव्हती. शफीकने रंगाचा रिकामा डबा उलटा करून दिला. ते त्यावर बसले, डोक्यावरच्या गुत्र्याचं टोक खांद्यावर टाकलं आणि मान वर केली.

फोर्कलिफ्टची घरघर तेवढी ऐकू येत होती. वर तीन घोडे एकमेकांना घासून चालले होते, मागच्याचं नाक पुढच्याच्या पाठीवर. ऊन कलतं होतं, पितळी लगाम चमकत होते. खालून ते पुढे आलेले वाटत नव्हते. चाललेले वाटत होते.

"अच्छा जाता है," अबू राशिद म्हणाले.

"सर, इट इज आउट ऑफ प्लंब," रानडे म्हणाले.

अबू राशिदनी काठीवर जोर देऊन वाकलेली पाठ जरा सरळ करून पाहिली. "मुहंदिस, मैं भी हूँ."

केतन हसला. मीही सुटलो असं समजून हसलो. तेवढ्यात काठी पुन्हा वर गेली.

"मास्टर, यह कपड़ा कौन सा है?"

केतन वडिलांच्या कानाशी वाकला. मी शेजारीच होतो. "बाबा, जस्ट से इट्स ग्रीक. प्लीज."

मास्तरांनी, मला वाटतं, तेव्हा एकदा अंगणाभोवती नजर फिरवली. साच्यांची चवड, शफीक, पोटमाळ्याची खिडकी. मग ते म्हणाले, "ग्रीक नहीं है, अबू राशिद. मेरी गलती है. हमारे घर में भगवान की मूर्ति बनती है, उसका कपड़ा है. मैं ध्यान घोड़े पर दिया. हाथ को जो आता था, उसने वही पहनाया."

केतनने डोळे मिटले. रानड्यांनी फाइलमधून डोकं वर काढून पहिल्यांदाच उघड्या डोळ्यांनी पॅनेलकडे पाहिलं.

अबू राशिद अजून वरच बघत होते. बोलले ते आमच्याकडे न बघता. "मेरा बाप समंदर में जाता था. मोती के लिए. उसका कमर का कपड़ा, वज़ार, बंबई से आता था. उसका किनारा ऐसा ही था. मेरी माँ धोती थी, मैं सुखाता था." मग स्वतःशीच विचारल्यासारखं, "आदमी ढँका है? ढँका है. घोड़े पर ठीक बैठा है? बैठा है." आणि काठी टेकून उठता उठता, "यल्ला मास्टर, लगाओ. लड़की की शादी है."

मास्तरांनी कंगवा काढला, पण भांग पाडला नाही. हातात धरून नुसते उभे राहिले.

घोडेस्वार वेळेत चढले. लग्न थाटात झालं असं ऐकलं. हॉलसमोरच्या रस्त्यावरून जाताना मराठी कुटुंबं अजूनही गाडी हळू करतात, काय खटकतंय ते चटकन कळत नाही, आणि मागच्या सीटवरची मुलं "व्हाय आर वी स्टॉपिंग?" म्हणून विचारतात. केतनने शब्द पाळला. धूळ ओढून घेणारं यंत्र आणलं, मास्क आणले, आणि शनिवारी स्वतः येऊन बसू लागला.

कारखाना तगला तो मात्र अबू राशिदमुळे नाही. तसा हॉल बांधणारा दुसरा कोणी भेटला नाही. तगला तो शारजा रस्त्यावरच्या एका कार वॉशवाल्यामुळे. त्याला ते घोडे आवडले आणि त्याच साच्यांतून स्वस्तात करून हवे होते. मला वाटलं मास्तर हाकलून देतील. ते म्हणाले, "गणपती काय एकाच घरात बसतो?" आणि माल भरायला घेतला. त्यानंतर त्याच्या भावाचा कार वॉश, मग मेव्हण्याचा.

पुढच्या पावसाळ्यात मास्तर सुट्टीवर पेणला गेले आणि तिथेच, दुपारी जेवून झोपलेले असताना, वारले. कारखाना केतन आणि शफीक चालवतात. केतन आता शफीकशी मराठीत बोलतो, कारण केतनला उर्दू येत नाही.

सुट्टीवर जायच्या आधी मास्तर माझ्या गाडीतून त्या पहिल्या कार वॉशला आले होते, मी त्यांना शेवटचं पाहिलं ते तेव्हा. रांग होती. शेजारच्या गाड्यांतले लोक फोन बघत होते. मास्तर काच खाली करून घोड्यांकडे बघत बसले, फार समाधानाने, नातेवाइकांकडे सगळं ठीक चाललेलं दिसल्यावर बसावं तसे. मालक भेटायला आला. त्याला तिथे एक पाटी लावायची होती आणि जागा मिळत नव्हती. मास्तर खाली उतरले, त्याच्याबरोबर फिरून आले आणि त्यांनी एवढंच सांगितलं की छातीवर लावा, तोंडावर स्क्रू मारू नका. त्याने ते ऐकलं. मधल्या घोड्याच्या छातीवर पाटी आहे: पिकअप आणि स्कूल बस धुतल्या जाणार नाहीत.